नाईट मारण्याआधी हे वाच

सांगली

चि. ओंकार यास,


कॉलेजने झोपेवरच्या ऑनलाइन कोर्सची लिंक पाठवली आहे, करू की नको, असं तू विचारलंस. कर. होस्टेलवर नाईट मारणं हा पराक्रम समजला जातो आणि तूही तसंच मानू लागला आहेस, याची मला खरोखर काळजी वाटते.

अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी रसायनशास्त्राच्या एका वर्गातल्या सुमारे १०० विद्यार्थ्यांच्या मनगटावर झोप मोजणारे पट्टे सत्रभर बांधले होते. या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. पेपरच्या फक्त आदल्या रात्री कोण किती झोपलं, याचा गुणांशी काही संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो आधीच्या महिनाभराच्या झोपेचा आणि तिच्या नियमितपणाचा. संबंध म्हणजे कारण नव्हे, असं तू म्हणशील, आणि ते बरोबर आहे. पण दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो, हे इतर अनेक प्रयोगांतून दिसलेलं आहे. म्हणजे महिनाभर पहाटे तीनला झोपायचं आणि व्हायव्हाच्या आदल्या रात्री लवकर आडवं व्हायचं, याने हाती फारसं लागत नाही.

तुला रात्री लवकर झोप येत नाही, यात आळस नाही. तुझ्या आईला मी हे सांगितलं आहे. तुमच्या वयात शरीराचं घड्याळच उशिरा चालतं. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन उशिरा स्रवतं. मात्र डोळ्यांसमोर मोबाइल धरून तू त्याची वेळ आणखी पुढे ढकलतोस. ती अलीकडे आणायला सकाळचं ऊन लागतं. उठल्यावर मेसपर्यंत उन्हातून चालत जा. आणि सबमिशनच्या दिवसांतला टपरीवरचा रात्रीचा चहा बंद कर. कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात.

आता कोर्सबद्दल. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या, निद्रानाशाने त्रासलेल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवर असा ऑनलाइन उपचार तपासला. तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार मिळालेल्यांची झोप सुधारली, आणि मनातले संशय, भीती, उदासी हेही कमी झालं. मला यातलं दुसरं जास्त मोलाचं वाटतं, कारण घरापासून दूर राहणाऱ्या मुलांचं मन रात्रीच जास्त पोखरलं जातं. पण त्या उपचाराची सहा सत्रं होती, आणि ती सगळी पूर्ण करणारे पाचांत एकाहूनही कमी होते. म्हणून सांगतो, व्हिडिओ दीडपट वेगाने पळवून सर्टिफिकेट मिळवायचं असेल, तर सुरूच करू नकोस.

खरं काम व्हिडिओबाहेर आहे. झोपेची नोंद रोज सकाळी लिहायची. उठण्याची वेळ रविवारीही तीच ठेवायची. झोपण्याची वेळ मग आपोआप मागोमाग येते. सगळ्यात अवघड म्हणजे कॉट. होस्टेलमध्ये कॉटवरच जेवण, कॉटवरच जर्नल, कॉटवरच रील्स. त्यामुळे कॉट म्हणजे जागं राहण्याची जागा, हे शरीर शिकून बसतं. अभ्यास रीडिंग हॉलमध्ये कर. वीसेक मिनिटं झोप आली नाही तर उठून खुर्चीत बस, मंद दिव्यात काहीतरी वाच, डोळे जड झाले की परत ये. पहिल्या आठवड्यात चिडचिड होईल. ती सोसावी लागते.

एवढं करूनही तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा झोपेबरोबर जेवणावरची आणि माणसांतली गोडीही गेली, तर कोर्सवर विसंबून राहू नकोस, डॉक्टरांकडे जा. त्यात लाज कसली? आईला सांगायला जड वाटलं तर मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

सोमवारी सकाळी पहिली नोंद लिही आणि आठवड्याने तिचा फोटो मला पाठव.

तुझा,
मामा