तुरीच्या शेंगेंतील तीन शत्रू

फुलावर येईपर्यंत तुरीचें पीक शेतकऱ्यास फारसा त्रास देत नाहीं. मूळ खोल जातें, पावसानें ओढ दिली तरी झाड तग धरतें, आणि ज्वारींत किंवा कपाशींत तुरीचीं तासें टाकिलीं म्हणजे काम झालें, असें आपण धरून चालतों. खरा प्रश्न उभा राहतो तो कार्तिक-मार्गशीर्षांत, कळ्या लागल्यापासून. झाड शेंगांनीं लवलेलें दिसावें आणि खळ्यावर रास मात्र अंदाजाच्या निम्मीच भरावी, हा अनुभव आमच्या पुष्कळ वाचकांस असेल. 'अळीनें खाल्लें' एवढें म्हणून आपण स्वस्थ बसतों. परंतु दाणा खाणारे शत्रू मुख्यतः तीन असून त्यांची राहणी निरनिराळी आहे. एकावर लागू पडणारा उपाय दुसऱ्यावर फुकट जातो. म्हणून त्यांस वेगवेगळें ओळखणें हें पहिलें काम होय.

पहिली घाटेअळी. हरभऱ्याच्या घाट्यांत आपण पाहतों तीच ही. कपाशीच्या बोंडांत, टोमॅटोंत, भेंडींत, ज्वारीच्या कणसांतहि हिचाच संचार असतो. त्यामुळें एका शेतांतून ती घालविली तरी शेजारच्या शेतांतून पतंग उडून येतो. मादी कळ्यांवर व कोंवळ्या पानांवर खसखशीएवढीं पिवळसर पांढरीं अंडीं सुटीं सुटीं घालते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडून प्रथम कळ्या व फुलें कुरतडते, मग शेंगेस वाटोळें भोंक पाडून डोकें आंत व धड बाहेर अशा स्थितींत दाणे खाते. दोन-तीन आठवड्यांत ती सुमारें ४ सेंटिमीटर लांब होते आणि जमिनींत उतरून कोषांत जाते. रंगावरून मात्र फसूं नये. एकाच झाडावर हिरवी, पिवळसर, तांबूस व काळपट अशी तिची सर्व रूपें सांपडतात.

या अळीवर जें करावयाचें तें ती लहान असतांनाच केलें पाहिजे. पिकाचीं निम्मीं झाडें फुलावर येतांच निंबोळीचा ५ टक्के अर्क फवारावा. त्यासाठीं ५ किलो निंबोळीची भरड १० लिटर पाण्यांत रात्रभर भिजत घालून सकाळीं फडक्यानें गाळावी, त्यांत २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून एकंदर पाणी १०० लिटर करावें. हेक्टरीं ५ कामगंध सापळे लावून रोज पतंग मोजावे. एका सापळ्यांत ८ ते १० पतंग सतत दोन-तीन दिवस पडूं लागले म्हणजे अंडीं पडलीं असें समजावें. घाटेअळीस रोग आणणाऱ्या विषाणूचें द्रावण हेक्टरीं २५० अळ्यांच्या प्रमाणांत मिळतें. तें सायंकाळींच फवारावें, कारण उन्हानें त्याचा गुण जातो. केवळ जहाल विषांवर विसंबणाऱ्यांनीं १९८७ सालची आंध्रांतील कपाशी आठवावी. तेथें फवारण्यांवर फवारण्या होऊनहि हीच अळी मरेना, कारण वारंवार एकाच जातीचें औषध पचवून तिची प्रजा त्यास सरावली होती.

मोठ्या झालेल्या अळीसाठीं आम्हांस जुनी रीतच अधिक पसंत आहे. झाडाखालीं चादर पसरून झाड हलविलें म्हणजे अळ्या पटापट खालीं पडतात. त्या कोंबड्यांस घालाव्या. मजुरी लागते हें खरें, पण औषधाची किंमत मांडून पाहणारास ती जड वाटणार नाहीं. शेतांत जागोजाग पक्ष्यांस बसावयास काठ्या रोवल्या तर कोतवाल व साळुंक्या हें काम बिनमजुरीनें करितात.

दुसरा पिसारी पतंग. याचे पंख पिसांसारखे चिरलेले असतात. अळी जेमतेम सव्वा सेंटिमीटर, हिरवट तपकिरी, मध्यें जाड व दोन्ही टोंकांस निमुळती असून अंगावर बारीक केंस असतात. ती शेंगेचा पृष्ठभाग खरवडून मग भोंक पाडते, पण सबंध आंत शिरत नाहीं. कोष शेंगेवरच चिकटलेला असतो. ती बाहेर राहत असल्यामुळें निंबोळी अर्काच्या माऱ्यांत सांपडते. तिच्याविषयीं याहून अधिक सांगण्याचें कारण नाहीं.

तिसरी शेंगमाशी, आमच्या मतें हीच सर्वांत कपटी. सुमारें २ मिलिमीटरची ही काळी माशी कोंवळ्या शेंगेच्या सालींतून आंत अंडें घालते. बाहेर भोंक नाहीं, विष्ठा नाहीं. शेंग निरोगी दिसते. आंत पाय नसलेली पांढरी अळी दाण्यावर नागमोडी चर पाडीत जाते, आणि शेंगेंतच कोषांत जाण्यापूर्वीं सालीचा पातळ पापुद्रा तेवढा ठेवून आपल्या माशीस बाहेर पडण्याची खिडकी करून ठेवते. ती खिडकी फुटलेली दिसते तेव्हां नुकसान होऊन गेलेलें असतें. असा दाणा डाळीस चालत नाहीं व बियाण्यासहि निरुपयोगी होतो.

आंतल्या अळीस वरचें स्पर्शविष पोंचत नाहीं, म्हणून येथें प्रतिबंधावरच भिस्त ठेवावी. उशिरा पिकणाऱ्या तुरीवर माशी अधिक जमते. शिवारांत एक शेत लवकर व दुसरें उशिरा अशी स्थिति असली म्हणजे तिला महिनोन्‌महिने खाद्य मिळतें. तेव्हां शेजाऱ्यांनीं ठरवून एकाच मुदतीचें वाण सारख्या वेळीं पेरावें. बांधावर राहिलेलीं तुरीचीं झाडें व खोडवा काढून टाकावा. शेंगा भरूं लागल्या कीं दर आठवड्यास शेताच्या निरनिराळ्या भागांतून शंभर हिरव्या शेंगा तोडून, त्या घरीं आणून सोलाव्या, आणि चर पडलेले दाणे किती निघतात तें वहींत टिपावें.