टॉप टाकायची घाई

2017 च्या नोव्हेंबरातली गोष्ट. धानाची कापणी उरकत आली होती, बांध्या रिकाम्या होत होत्या आणि रस्त्यावर पोत्यांनी भरलेल्या ट्रकांची रीघ होती. मी आणि बायको सडक अर्जुनीहून गोंदियाला निघालो होतो. कोहमाऱ्यावरून गोरेगावच्या रस्त्याला लागलं की मुरदोलीचं जंगल येतं. तिथल्या एका चढावर पुढे ट्रक आणि त्याच्या मागे आम्ही. माझी ॲव्हेंजर 220 पाचव्या गिअरमध्ये, वेग 40 च्या आसपास. समोर रस्ता मोकळा दिसला, मी गाडी उजवीकडे काढली आणि मूठ पूर्ण पिळली.

गाडी उचललीच नाही. इंजिनातून डबा हलवल्यासारखी खडखड आली, पायाखालचे फूटरेस्ट थरथरले, आणि आम्ही ट्रकच्या मधल्या चाकापाशीच अडकून राहिलो. वळणावरून एसटी आली. मागे यायचं म्हणून ब्रेक दाबला, ट्रक पुढे जाऊ दिला आणि घाईघाईने डावीकडे घेतली. मागचं चाक डांबर सोडून मुरमाच्या साइडपट्टीत गेलं आणि गाडी आडवी झाली. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. बायकोचं डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. त्या सहा आठवड्यांत घरात जे जे तिला एका हाताने करताना पाहिलं, ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

चूक माझी होती, गाडीची नव्हती. ती नेमकी कोणती, हे समजायला मला वेळ लागला. माझ्यासारखे क्रूझर घेणारे आमच्या भागात आता पुष्कळ झालेत, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं गाडी शिकणं काकांच्या जुन्या बुलेटवर झालं. उजव्या पायाला गिअर, पहिला वर, बाकीचे तीन खाली. त्या इंजिनाचा बोअर 70 मिलीमीटर आणि स्ट्रोक 90, म्हणजे पिस्टन लांब पल्ल्याचा, आणि त्याला जोड जड फ्लायव्हीलची. ती गाडी इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरही डुगडुगत ओढत राहायची. काका टॉप, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, टाकून गावातून निवांत जायचे, आणि मला वाटायचं, गाडी चालवणं म्हणजे हेच. लवकरात लवकर टॉप, मग गिअरला हात लावायचा नाही. त्यात ‘टॉपमध्ये हळू चालवली की ॲव्हरेज मिळतं’ हा समज घरोघरी होताच.

ॲव्हेंजर दिसायला त्याच घराण्यातली. लांब, बुटकी, पाय पुढे टाकून बसायची. पण तिचं इंजिन बुलेटचं नाही, पल्सरच्या कुळातलं आहे. बोअर 67, स्ट्रोक 62.4. पल्ला आखूड, त्यामुळे तिला फेरे हवे असतात. तिची सगळ्यात जास्त ओढ, म्हणजे टॉर्क, येते मिनिटाला 7000 फेऱ्यांच्या आसपास. 2020 मध्ये आलेल्या मिटिऑर 350 चा स्ट्रोक 85.8 आहे आणि ती 4000 फेऱ्यांवरच पूर्ण जोर लावते. दोन्ही क्रूझर, दोघींच्या मीटरवर फेऱ्यांचा काटा नाही, पण एकीला जे चालतं ते दुसरीला चालत नाही. बैठक आणि टाकी बघून गाडीचा स्वभाव ठरवायचा नसतो. गाडी घेताना माहितीपत्रकात टॉर्क किती फेऱ्यांवर मिळतो ती ओळ जरूर वाचा. मी रंग आणि क्रोम बघून आलो होतो.

गाडी दुरुस्तीला नेली तेव्हा मिस्त्रीने चेनकिट बघितली आणि मान हलवली. चेन ठिकठिकाणी ताणलेली, मागच्या चक्राचे दाते झिजून टोकदार झालेले. “भाऊ, गाडी केव्हाची रडून राहिली, तुमाले आयकू नाही येत का?” तो म्हणाला. मग माझ्यासमोर गाडी सुरू करून, हाफ क्लचवर दाबून त्याने ती खडखड काढून दाखवली. मुरदोलीला ऐकलेला आवाज तोच होता. आणि खरं सांगायचं तर तो मी वर्षभर रोज ऐकत होतो, फक्त बारीक. वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर मूठ जास्त उघडली की पेट्रोल भरपूर आत जातं, पण पिस्टनला ते ओझं पेलत नाही. प्रत्येक स्फोटाचा धक्का चेनला, चक्राला, बेअरिंगला बसतो. ऑइल पंप इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालतो, म्हणून फेरे कमी असले की तेलाचा जोरही कमी, आणि तोही नेमका भार सर्वांत जास्त असताना. ॲव्हरेजचा समजही तिथेच खोटा पडतो. हलक्या मुठीने, सपाट रस्त्यावर टॉप जरूर पेट्रोल वाचवतो. पण टॉपमध्ये मूठ अर्ध्याच्या वर उघडी ठेवावी लागत असेल, तर वाचत काही नाही.

त्यानंतर दोन आठवडे मी पहाटे गावाबाहेरच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर गाडी घेऊन जायचो. खिशात वही. एका गिअरमध्ये गाडी स्थिर चालवायची, मग मूठ हळूच थोडी उघडायची. गाडी थरथर न करता पुढे सरकली तर गिअर बरोबर. अंगठ्याच्या बुडाशी आणि तळपायाला हादरा आला, चेनने झटका दिला, तर वेग त्या गिअरला कमी पडतोय. असं करत प्रत्येक गिअरचा तो आकडा काढला, जिथे थरथर थांबते. माझ्या वहीत दुसऱ्यापुढे 18 आहे, तिसऱ्यापुढे 28, चौथ्यापुढे 38, पाचव्यापुढे 50. मुरदोलीला मी पाचव्यात 40 वर होतो, चढावर, दोघं बसून. वहीतले आकडे बघितले तेव्हा मला घाम फुटला.

हे आकडे माझ्या गाडीचे आणि माझ्या वजनाचे आहेत. तुमचे तुम्ही काढा. मागे माणूस असेल, सोबत पोतं असेल, चढ असेल, समोरून वारा असेल, तर प्रत्येकात पाच-दहा मिळवा. थंडीच्या सकाळी इंजिन गरम होईपर्यंत तर वरच्या गिअरची घाई मुळीच नको.

आता खरी मर्माची गोष्ट. क्लच पूर्ण सुटलेला असताना इंजिन आणि मागचं चाक दात्यांनी एकमेकांना बांधलेले असतात. एका गिअरमध्ये वेग निम्मा झाला की फेरेही बरोबर निम्मे होतात. पाचव्यात 60 ला जितके फेरे, 30 ला त्याच्या अर्धे. म्हणजे वेगाचा काटा आणि आपण कोणत्या गिअरमध्ये आहोत, एवढं माहीत असलं की फेऱ्यांचा काटा डोक्यातच तयार होतो. अडचण एकच, गिअर मोजायचा राहून जातो. मीही आधी मोजत नव्हतो. गाडी पुढे जातेय ना, मग झालं, असंच चालायचं. आता पाय लावला की मनात आकडा म्हणतो. ज्यांच्या मीटरवर गिअरचा आकडा दिसतो त्यांचं काम सोपं आहे, पण बघायची सवय त्यांनाही लावावी लागते.

वरची हद्दही असते, पण ती चुकत नाही. गिअर फार ताणला की आरशातली मागची गाडी पुसट व्हायला लागते, हँडल मुंग्या आल्यासारखं झिणझिणतं. तेव्हा वर टाकायचा. आरसा हा माझ्या मते क्रूझरवाल्याचा सगळ्यात भरवशाचा काटा. कान तितके भरवशाचे नाहीत. पूर्ण तोंडाचं हेल्मेट असलं आणि वारा कानाशी घोंगावत असला की इंजिन नीट ऐकू येत नाही. म्हणून कोणी हेल्मेट काढायचा विचारही करू नये. तळपाय, तळहात आणि आरसा पुरेसे आहेत. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर लावणाऱ्या मुलांना मात्र हात जोडून सांगतो, बाबांनो, तुमच्या गाडीचं रडणं तुम्हीच बुजवून टाकताय.

खाली टाकण्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण मनगट मोडलं ते तिथेच. ओव्हरटेक करायचं ठरलं की गाडी अजून ट्रकच्या मागे, आपल्या बाजूला असतानाच एक गिअर कमी करायचा, चढ असेल तर दोन. क्लच दाबताना मूठ किंचित उघडी राहू द्यायची, म्हणजे क्लच सोडताना झटका बसत नाही. मग मूठ उघडून बघायची. गाडीने लगेच ओढ घेतली तरच बाहेर काढायची. ओढ नाही, तर ओव्हरटेक नाही. ट्रकच्या बाजूला गेल्यावर गिअर शोधायला वेळ मिळत नाही. आणि एकदम तीन-चार गिअर खाली पाडू नयेत. वेगात पहिला पडला तर मागचं चाक धरतं आणि घसरतं. एकेक टाकायचा, प्रत्येक वेळी क्लच पूर्ण सोडून.

कोहमारा चौकासारख्या ठिकाणी थांबतानाही हेच. गाडी सरकत असतानाच एकेक उतरवत यावं. चौथ्यातच उभी केली की गिअर अडतो, मागून ट्रकचा हॉर्न वाजतो, आणि माणूस चौथ्यातच क्लच जाळत गाडी उचलतो. क्लचप्लेटी तिथेच संपतात. उताराला मूठ बंद करून तिसऱ्यात सोडली की इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाही.

मुरदोलीचा पट्टा आता मी वेगळ्या रीतीने जातो. हे जंगल नागझिरा आणि नवेगाव यांच्यामधलं, जनावरांची येण्याजाण्याची वाट. 2023 च्या ऑगस्टमध्ये इथेच रात्री एका कारच्या धडकेने वाघ मेला. रात्री मी तिथे तिसऱ्यात, 40 च्या आत राहतो. चौथ्यातही गाडी चालेल, पण तिसऱ्यात मूठ सोडली की वेग तिथल्या तिथे पडतो आणि उघडली की तिथल्या तिथे मिळतो. चितळ किंवा रानडुक्कर आडवं आलं तर तेवढं अंतर कामाला येतं.

बायको अजूनही मागे बसते. एक-दोन वर्षं तिने त्या चढावर माझा शर्ट घट्ट धरला. आता धरत नाही. पण ट्रक पुढे दिसला की ती पाठीमागून विचारते, “किती नंबर?” मी आधी गिअर सांगतो, मग ती म्हणते, “काढा.”