घटक ४ : 'आम्ही', 'आपण' आणि 'ते' – आक्रमणकथेचे व्याकरण

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, सर्वनामांचे प्रकार तुम्ही यापूर्वीच्या घटकात अभ्यासले आहेत. प्रथमपुरुषी अनेकवचनाची 'आम्ही' आणि 'आपण' ही दोन रूपे आणि त्यांतील भेद तेथे केवळ दोन वाक्यांत सांगितला होता. प्रस्तुत घटकात तोच भेद एका चित्रपटाच्या आधारे सविस्तर पाहावयाचा आहे. चित्रपट आहे १९५३ सालचा 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स', म्हणजे मंगळावरील प्राण्यांनी पृथ्वीवर केलेल्या स्वारीची कथा. मराठीच्या अभ्यासक्रमात हा अमेरिकी चित्रपट कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या चित्रपटाचे मराठी भाषांतर करावयास कोणी बसले, तर त्याला पहिल्याच पानावर एक निर्णय घ्यावा लागतो आणि मूळ इंग्रजी लेखकाला तो कधीच घ्यावा लागलेला नव्हता. हा निर्णय वरवर व्याकरणाचा आहे. तो किती दूरवर पोहोचतो, हे पुढे दिसेल.

एक खुलासा येथेच करणे इष्ट आहे. औपचारिक मराठीत वाचकाला 'आपण' असेही संबोधतात. या घटकात तुम्हांला 'तुम्ही' म्हटले आहे ते अनादराने नव्हे. 'आपण' हा शब्द आपल्याला दुसऱ्या कामासाठी मोकळा हवा आहे.

४.२ 'कनाली' आणि कालवे

मंगळावर कोणी राहते, ही कल्पना लोकांत रुजण्यास एका शब्दाच्या भाषांतराचा मोठा हातभार लागला. १८७७ मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ स्किआपारेल्ली यांना दुर्बिणीतून मंगळावर काही रेषा दिसल्या. त्यांना त्यांनी इटालियन भाषेत 'कनाली' म्हटले. या शब्दाचा अर्थ नैसर्गिक प्रवाहमार्ग असाही होतो आणि खोदलेला पाट असाही होतो. इंग्रजीत मात्र त्याचे 'कॅनॉल', म्हणजे कालवे, झाले. ओढा आपोआप वाहतो. कालवा म्हटला की खोदणारा आला, त्याचे कुदळ-फावडे आले, त्याला पाण्याची गरज आली. अमेरिकेतील पर्सिव्हल लोवेल यांनी १८९५ च्या 'मार्स' या ग्रंथात याच कालव्यांवर एका वाळत चाललेल्या ग्रहाची आणि ध्रुवांवरील बर्फाचे पाणी दूरवर नेणाऱ्या सुजाण रहिवाशांची उपपत्ती उभारली. पुढे चांगल्या दुर्बिणी आणि अवकाशयाने यांनी त्या रेषा हा दृष्टिभ्रम असल्याचे सिद्ध केले. परंतु तोवर कथा जन्माला आलेली होती.

ती एच. जी. वेल्स यांची. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही त्यांची कादंबरी १८९७ मध्ये क्रमशः आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यातील मंगळ थंड होत चाललेला आहे, त्यावरचे समुद्र आटत आहेत. म्हणून तेथील प्राणी पृथ्वीकडे वळतात.

शहापूर येथील एका संपर्कसत्रात हे कथानक सांगत असता, तानसा परिसरातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, म्हणजे ते पाण्यासाठीच आले होते का?" वर्गात हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. १८९२ मध्ये तानसा धरण पूर्ण झाले तेव्हापासून शहापूर तालुक्याचे पाणी मुंबईला जाते. पुढे वैतरणा आणि भातसा यांचीही त्यात भर पडली. त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. 'उशाला धरण आणि घशाला कोरड' हे वर्तमानपत्रांचे आवडते शीर्षक येथील लोकांच्या तोंडी केव्हाचेच आहे. तथापि मुंबईकर म्हणजे मंगळवासी, असे समीकरण मांडून मोकळे होणे हा आळशी अर्थ झाला. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नातून निघणारा खरा प्रश्न वेगळा आहे : आक्रमणाची कथा सांगणारा कोणाच्या बाजूला उभा असतो, आणि हे त्याच्या भाषेत कोठे दिसते?

४.३ चित्रपटातील 'आपण'

वेल्स यांची कादंबरी इंग्लंडमध्ये घडते. निर्माते जॉर्ज पाल आणि दिग्दर्शक बायरन हॅस्किन यांनी ती उचलून १९५३ च्या कॅलिफोर्नियात आणली. शीतयुद्धाचा तो काळ. सोव्हिएत संघाने अणुबॉम्बची चाचणी घेऊन चार वर्षे लोटली होती. चित्रपट अवघा ८५ मिनिटांचा आहे आणि दृश्यपरिणामांसाठी त्याला ऑस्कर मिळाले. माझ्या मते त्यातील प्रेमकथा आज जुनाट वाटते. अभ्यासण्याजोगी आहेत ती चार-पाच दृश्ये.

आकाशातून पडलेल्या तप्त गोळ्याजवळ पहाऱ्याला बसलेली तीन माणसे, आत कोणीतरी आहे हे लक्षात येताच, पांढरे निशाण घेऊन पुढे होतात. पांढरे निशाण म्हणजे मैत्री, हे कोणालाही कळेल असा त्यांचा भरवसा आहे. पुढच्याच क्षणी त्यांची राख होते. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, तो समाजाने मान्य केला तरच टिकतो, हे तत्त्व तुम्ही सोस्यूरच्या संदर्भात वाचले आहे. त्याचे याहून जळजळीत उदाहरण मिळणे कठीण. पुढे एक धर्मोपदेशक, हे प्राणी आपल्याहून प्रगत असतील तर ईश्वराच्या अधिक निकट असतील, या श्रद्धेने प्रार्थना म्हणत त्यांच्या यंत्रांसमोर जातो. त्याचीही तीच गत होते.

या तिघांना मंगळवासीयांशी मराठीत बोलावयाचे असते तर? 'आम्ही मित्र आहोत' असे ते म्हणाले असते. ऐकणारा त्या 'आम्ही'च्या बाहेर आहे, अजून तो परकाच आहे. 'आपण मित्र आहोत' असे म्हटले, की ऐकणारा आत येतो. पांढऱ्या निशाणाचे सारे प्रयोजन 'आम्ही'चा 'आपण' करणे एवढेच आहे. इंग्रजीत दोन्ही वाक्यांना एकच सर्वनाम पुरते. म्हणून हा प्रयत्न इंग्रजी वाक्यात दिसत नाही. मराठीत तो शब्दावर येऊन उभा राहतो.

बॉम्बफेकीपूर्वीचे दृश्य याहून नाजूक आहे. एक रेडिओ-वार्ताहर भावी इतिहासासाठी, इतिहास उरलाच तर, ध्वनिमुद्रण करीत असतो. त्याच्या निवेदनातील प्रथमपुरुष मराठीत कसा आणावा? ऐकणारा अजून जन्मलेला नाही. तो माणूसच असेल याचीही शाश्वती नाही. 'आपण' लिहिले तर मानवजात टिकेल असा विश्वास भाषांतरकाराने पदरचा घातला. 'आम्ही' लिहिले तर ती संपल्याचे गृहीत धरले. मी 'आम्ही' लिहीन. मुरबाडच्या एका विद्यार्थ्याने मात्र 'आपण'च्या बाजूने इतका चिवट युक्तिवाद केला, की ते उत्तर चूक ठरवणे मला शक्य झाले नाही.

तिसरे दृश्य प्रयोगशाळेतील आहे. नायक आणि नायिका एका पडक्या शेतघरातून निसटताना मंगळयंत्राचा तुटलेला विद्युत्-नेत्र सोबत आणतात. शास्त्रज्ञ तो जोडतात आणि पडद्यावर स्वतःचीच प्रतिमा पाहतात : वेडीवाकडी, विचित्र रंगांची. त्या प्राण्यांना आपण असे दिसतो. संपूर्ण चित्रपटात 'आपण' स्वतःला बाहेरून पाहतो तो हा एकमेव प्रसंग. चित्रपट तेथे थांबत नाही, घाईने पुढे जातो. अणुबॉम्ब निष्फळ ठरतो, शहर रिकामे होते, घाबरलेला जमाव शास्त्रज्ञांची वाहने लुटतो, आणि शेवटी चर्चमध्ये आश्रय घेतलेल्या लोकांदेखत ती यंत्रे आपोआप कोसळतात. पृथ्वीवरच्या सूक्ष्मजंतूंनी त्या प्राण्यांचा नाश केलेला असतो.

कादंबरीतील एक गोष्ट चित्रपटाने वगळली आहे आणि ती लहान नाही. मंगळवासीयांना क्रूर म्हणण्याआधी वेल्स आपल्या इंग्रज वाचकाला टास्मानियाची आठवण देतात. त्या बेटावरील मूळ रहिवाशांचा युरोपीय वसाहतवाल्यांनी एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात जवळजवळ निःपात केला होता. म्हणजे कथा सुरू होतानाच 'आपण'ला तडा जातो : आज ज्यांच्यावर स्वारी होत आहे, ते काल स्वारी करणारे होते. हा तडा काढून टाकल्यावर उरतो तो निर्दोष, एकजिनसी 'आपण'. चित्रपट म्हणून तो परिणामकारक आहे; कादंबरीपेक्षा भाबडाही आहे.

४.४ भेदाचे स्वरूप

'आम्ही'मध्ये श्रोता वगळलेला असतो, 'आपण'मध्ये तो समाविष्ट असतो. भाषाविज्ञानात यांना अनुक्रमे श्रोतृवर्जक आणि श्रोतृसमावेशक रूपे म्हणता येईल. गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे', तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु', तमिळमध्ये 'नांगळ्' आणि 'नाम्' अशा जोड्या आहेत. संस्कृतात हा भेद नाही, प्रमाण हिंदीतील 'हम'मध्येही नाही. व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'आम्ही' प्राकृत 'अम्हे'पासून, तर 'आपण' हा 'आत्मन्'पासून प्राकृतमार्गे आला. 'स्वतः' हा त्याचा मूळचा अर्थ 'तो आपण होऊन गेला' या वाक्यात अजून टिकून आहे. शहापूर-मुरबाडकडील बोलण्यात 'आमी' आणि 'आपुन' ही रूपे ऐकू येतात. उच्चार निराळा, भेद तोच.

या भेदाचा गैरवापरही होतो. प्रकल्पासाठी जमीन मागावयास आलेला मनुष्य 'आपला विकास' म्हणतो. श्रोत्याला विचारण्यापूर्वीच त्याने त्याला आत ओढलेले असते. बैठकीतून कोणी 'आमची जमीन' असे उत्तर दिले, तर त्याने व्याकरणाच्या एका रूपाने स्वतःला बाहेर काढून घेतले, हे लक्षात घ्या.

४.५ मराठीतील एक आक्रमणकथा

वेल्सच्या पुस्तकापूर्वी पंचवीस वर्षे, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले. धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातून ते उलगडते. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम हे अवतार म्हणजे बाहेरून आलेल्या आक्रमकांचे म्होरके, आणि बळी हा येथील न्यायी राजा, असे वाचन फुले यांनी केले. पुराणकथेत वामन हा देव आणि बळी हा पाताळात घातला जाणारा दैत्य. फुले यांनी कथेतील घटना तीच ठेवली आणि सांगणारा बदलला. जयंत नारळीकर यांनी 'वामन परत न आला' या विज्ञान-कादंबरीच्या शीर्षकासाठी हीच कथा हाताशी घेतली, यावरून तिचा पल्ला ध्यानात यावा.

फुले यांच्या व्युत्पत्ती मात्र जपून वाचाव्यात. बळीच्या राज्यातील मोठ्या प्रांताचा अधिकारी तो 'महासुभा' आणि त्याचाच पुढे 'म्हसोबा' झाला, असे ते सांगतात. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौषातल्या यात्रेला तुम्ही गेला असाल. त्या गावाचे दैवतही म्हसोबाच. ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांनी ही व्युत्पत्ती टिकत नाही. या नावाचा संबंध सामान्यतः म्हैस अथवा महिष यांच्याशी जोडतात. पण फुले येथे कोश रचत नव्हते. ज्यांना कथेत 'ते' म्हटले जात होते, त्यांना ते 'आम्ही' म्हणावयास शिकवत होते. भाषाविज्ञानाचा विद्यार्थी म्हणून ही व्युत्पत्ती नाकारा आणि साहित्याचा विद्यार्थी म्हणून तिच्यापाशी थांबा. दोन्ही एकाच वेळी करता येते.

४.६ आक्रमण आणि अतिक्रमण

'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे. 'आ' हा उपसर्ग लागून 'आक्रमण' झाले, 'अति' लागून 'अतिक्रमण'. पहिला शब्द इतिहासाच्या पुस्तकात भेटतो, दुसरा शासकीय कागदांत. या दोन तालुक्यांतील ठाकर, कातकरी, वारली कुटुंबे पिढ्यान् पिढ्या कसत आलेल्या वनजमिनीच्या संदर्भात 'अतिक्रमणधारक' हा शब्द वर्षानुवर्षे लिहिला गेला. या समासाची घडण पाहा. 'भूधारक' भूमी धारण करतो, 'पदधारक' पद धारण करतो; हा मनुष्य अतिक्रमण धारण करतो. त्याच्या हातात जमीन नाही, केवळ दोष आहे. शिवाय अतिक्रमण म्हटले, की सीमा आधी होती आणि माणूस मागून आला, असे शब्दच सांगून टाकतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी क्रम उलटा होता.

२००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या उद्देशिकेतच या समूहांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले. त्यानंतर तोच मनुष्य कागदावर 'दावेदार' झाला आणि दावा मंजूर झाला तेथे 'हक्कधारक'. शेत तेच, नांगर तोच, नावे तीन. परका कोण, हे ठरवणारी लेखणी कोणाच्या हातात होती, हे या तीन नावांवरून वाचता येते.

४.७ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. 'त्यांनी आपल्यावर हल्ला केला' आणि 'त्यांनी आमच्यावर हल्ला केला' ही वाक्ये चित्रपटातील कोणत्या पात्राने कोणाला उद्देशून म्हटली, तर योग्य ठरतील? प्रत्येकी दोन प्रसंग कल्पून लिहा.

२. टास्मानियाचा उल्लेख मराठी भाषांतरात पुन्हा घालावयाचा झाल्यास निवेदकाचे सर्वनाम कोणते ठेवाल? कारण द्या. ('आपण'ने वाचकही दोषात सामील होतो. भारतीय वाचक त्यात सामील आहे काय, याचा विचार केल्याशिवाय उत्तर लिहू नका.)

३. 'परका', 'उपरा', 'पाहुणा', 'आगंतुक' यांपैकी कोणता शब्द मंगळवासीयांना पहिल्या दृश्यात लावता येईल आणि कोणता शेवटच्या दृश्यात?

४.८ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील ग्रामसभेला, किंवा पाणी, रस्ता, जमीन यांविषयीच्या एखाद्या बैठकीला उपस्थित राहा. अर्ध्या तासाच्या बोलण्यात कोणी किती वेळा 'आम्ही' आणि किती वेळा 'आपण' म्हटले, त्याची नोंद वहीत करा. बोलणाऱ्याचे नाव लिहू नका. तो गावातील आहे की बाहेरून आलेला, स्त्री आहे की पुरुष, बसून बोलला की उभ्याने, एवढेच लिहा. एखाद्याने बोलता बोलता 'आम्ही'वरून 'आपण'वर, किंवा उलट, उडी घेतली असेल, तर त्याच्या आधीचे वाक्य जसेच्या तसे, बोलीतील उच्चारासह टिपून ठेवा. पुढील संपर्कसत्रात येताना ती वही सोबत आणावी.