इतक्याला घेतली की इतक्याला पडली?

नफा-तोट्याची सूत्रे शाळेत सर्वांनीच पाठ केलेली असतात. परंतु गल्ल्यावर बसल्यावर हिशेब चुकतो. चूक सूत्रात नसते, 'खरेदी किंमत' या शब्दाच्या अर्थात असते. म्हणून आज आपण हा शब्द उदाहरणांतून समजून घेऊ. परीक्षेला बसणारी मुले आणि दुकान चालविणारे बंधू, दोघांनाही याचा उपयोग व्हावा.

सूत्रे दोनच आहेत.
नफा = विक्री किंमत – खरेदी किंमत.
शेकडा नफा = नफा × १०० ÷ खरेदी किंमत.

उदाहरण १ : एका दुकानदाराने रमजानसाठी १० किलोच्या ४ पेट्या खजूर प्रत्येकी १,२०० रुपयांस घेतला. टेम्पो व हमाली २०० रुपये झाली. २ किलो माल खराब निघाला. उरलेला १५० रुपये किलोने विकला. शेकडा नफा किती?

पुष्कळजण म्हणतील, १२० ला घेतला, १५० ला विकला, म्हणजे नफा २५ टक्के. आता नीट मांडू. माल ४,८०० चा, खर्च २००, म्हणजे खजूर ५,००० रुपयांस पडला. विक्री ३८ × १५० = ५,७००. नफा ७०० रुपये, म्हणजे १४ टक्के.

समजा भांडवल भावाचे आहे आणि नफा निम्मा-निम्मा ठरला आहे. २५ टक्के धरून १,२०० रुपये नफा वाटला, तर त्यातील ५०० रुपये नफा नसून भावाचे भांडवल आहे. मुदारबतीत मूळ भांडवल भरून निघाल्यावर जे उरते, तोच नफा.

उदाहरण २ : एक ड्रेस १५ टक्के नफा घेऊन ६९० रुपयांस विकला. तो कितीला पडला होता?

येथे ६९० चे १५ टक्के वजा करू नयेत. नफा खरेदीवर आहे, विक्रीवर नाही. १०० ची वस्तू ११५ ला विकली, तर ६९० ची मूळ किंमत ६९० × १०० ÷ ११५ = ६०० रुपये. ताळा : ६०० चे १५ टक्के ९०; ६०० + ९० = ६९०.

मूळ किंमत व नफा ग्राहकाला सांगून केलेल्या विक्रीस फिकहमध्ये 'मुराबहा' म्हणतात. समजा या ६०० मध्ये ड्रेस ५४० चा आणि शिंप्याला दिलेली मजुरी ६० आहे. असा खर्च किंमतीत धरता येतो. परंतु इमाम मर्गीनानी (मृत्यू इ.स. ११९७) यांच्या 'हिदाया' ग्रंथात बारकावा असा सांगितला आहे की, विक्रेत्याने 'मला इतक्याला पडली' म्हणावे, 'इतक्याला घेतली' म्हणू नये, कारण ते खोटे ठरेल. एका क्रियापदाने प्रामाणिकपणा टिकतो किंवा जातो.

उदाहरण ३ : एक दुकानदार खरेदीच्याच भावाने विकतो, पण किलोऐवजी ९०० ग्रॅम देतो. शेकडा नफा किती?

९०० ग्रॅमच्या किंमतीत १०० ग्रॅमची किंमत जास्त मिळाली. १०० × १०० ÷ ९०० = ११ १/९ टक्के. परीक्षेत हेच उत्तर लिहावे, पूर्ण गुण मिळतील. वहीखात्यात मात्र ही रक्कम नफ्याच्या बाजूला लिहिता येणार नाही. ते ग्राहकाचे देणे आहे. मापात मारणाऱ्यांविषयी कुरआनात ८३ वी सूरह 'अल्-मुतफ्फिफीन' त्यांच्याच नावाने आहे, हे प्रत्येक तराजूवाल्याने ध्यानात ठेवावे.

सरावासाठी :
(१) ५०० रुपयांस पडलेल्या वस्तूवर २० टक्के चढवून किंमत लिहिली आणि ईदनिमित्त त्या किंमतीवर २० टक्के सूट दिली. नफा की तोटा?
(२) दोन घड्याळे प्रत्येकी ९९० रुपयांस विकली. एकावर १० टक्के नफा, दुसऱ्यावर १० टक्के तोटा झाला. एकूण काय झाले?

उत्तरे : (१) ४ टक्के, म्हणजे २० रुपये तोटा. (२) घड्याळे ९०० व १,१०० ला पडली होती. एकूण २० रुपये, म्हणजे १ टक्का तोटा.