कोळशांचे दोन विस्तव
(योहानकृत शुभवर्तमान, अध्याय १८ व २१)

'आंथ्राकिया' हा ग्रीक शब्द संबंध नव्या करारांत दोनच ठिकाणीं आढळतो, आणि तीं दोन्ही ठिकाणें योहानाच्या शुभवर्तमानांत आहेत. त्याचा अर्थ कोळशांचा विस्तव. पहिला विस्तव महायाजकाच्या वाड्याच्या अंगणांत पेटला होता, दुसरा तिबिर्याच्या समुद्रकांठीं. ह्या दोन विस्तवांच्या मध्यें पेत्राच्या जीवनाची सारी मोडतोड व सारी डागडुजी येऊन जाते. विद्यार्थिमित्रांनो, खचलेल्या आत्म्याला देव पुन्हां कसा उभा करतो, हें समजून घेण्यास मला तरी याहून स्पष्ट धडा पवित्र शास्त्रांत सांपडलेला नाहीं.

पहिल्या विस्तवाची रात्र थंडीची होती. चाकर व शिपाई शेकत उभे होते. पेत्रही त्यांच्यांत शेकत उभा राहिला. त्याला प्रथम कोणीं हटकलें? सुभेदारानें नव्हे, भालाइतानें नव्हे, दारावरील एका दासीनें! तेवढ्यानें तो ढांसळला. सर्वांनीं सोडलें तरी आपण सोडणार नाहीं असें त्याच सायंकाळीं छातीठोकपणें सांगणाऱ्या ह्या मनुष्यानें आपल्या गुरूला तीनदां नाकारलें. कोंबडा आरवला, तेव्हां प्रभूनें वळून त्याच्याकडे पाहिलें, असें लूक सांगतो. पेत्र बाहेर गेला आणि रडला.

त्याला हंसण्याचा अधिकार निदान मला नाहीं. मी वसतिगृहांत राहून शिकत असतां माझे वडील एके दिवशीं मला भेटावयास आले. ते गवंड्याच्या हाताखालीं काम करीत. कामावरून परस्पर आल्यामुळें कपड्यांना सिमेंट लागलेलें, हातांत भाकरीचें गाठोडें. सोबत्यांनीं विचारलें, "हे कोण रे?" मीं सांगितलें, "आमच्या गांवचे एक गृहस्थ आहेत." वडील चार पावलांवर उभे होते. त्यांनीं तें ऐकलें. गाठोडें माझ्या हातीं दिलें, "अभ्यास नीट कर," एवढें म्हणाले आणि निघून गेले. पुढें कित्येक आठवडे मला घरीं जाण्याची भीति वाटे. मार बसेल म्हणून नव्हे, ते कांहींच बोलणार नाहींत म्हणून.

पेत्राचें मन असेंच झालें असावें. प्रभु उठला हें वर्तमान इतरांना आनंदाचें होतें; ज्यानें नाकारलें त्याला तें आनंदाचें तितकेंच धास्तीचेंही. म्हणूनच कबरेपाशीं स्त्रियांना मिळालेल्या निरोपांत शिष्यांबरोबर पेत्राचें नांव वेगळें घेतलेलें आहे. मार्कानें तें टिपून ठेविलें आहे. पुढें प्रभूनें शिमोनाला दर्शन दिलें असें लूक व पौल दोघेही सांगतात. परंतु त्या भेटींत काय बोलणें झालें, हें कोणींच लिहिलेलें नाहीं. शास्त्राचें हें मौन मला फार आवडतें.

आतां दुसरा विस्तव. सात शिष्य रात्रभर जाळीं टाकून रिकामे राहिले होते. पहांटे कांठावरून कोणी सांगितल्यावरून त्यांनीं उजवीकडे जाळें टाकलें, तों १५३ मासे लागले. ह्या आंकड्याचे गूढार्थ काढण्यांत विद्वानांनीं पुष्कळ शाई खर्चिली आहे. कोळ्यांनीं मासे मोजले, एवढें मला पुरेसें वाटतें. ते कांठाला आले तेव्हां तेथें कोळशांचा विस्तव होता, त्यावर मासळी होती, भाकर होती. पेत्राच्या नाकांत तो धूर गेला असतां त्याला कोणतें अंगण आठवलें असेल, हें सांगावयास नको.

प्रभूनें प्रथम त्याला जेवूं घातलें, आणि मग विचारलें. हांक मारली ती पेत्र ह्या नव्या नांवानें नव्हे, योहानाच्या पुत्रा शिमोना, अशी जुन्याच नांवानें. माझ्यावर तुझी प्रीति आहे काय, हा प्रश्न तीनदां. पहिल्या वेळीं त्यांत इतरांपेक्षां अधिक काय, असेंही होतें; त्या सायंकाळच्या फुशारकीची ही आठवण. पेत्र आतां कोणाशीं तुलना करीत नाहीं. तिसऱ्या वेळीं त्याला दुःख झालें. जखम धुतांना झोंबावयाचीच. परंतु प्रत्येक उत्तरापाठोपाठ काम सोंपविलें जात होतें : माझीं कोकरें, माझीं मेंढरें तूं संभाळ.

पालकांनीं हा क्रम ध्यानांत घ्यावा, अशी माझी विनंती आहे. मुलानें परीक्षेंत नक्कल केली, घरांतले पैसे उचलले, तर आपण बहुधा दोहोंपैकीं एक करतों. एक तर प्रकरण झांकून टाकतों, नाहीं तर पुढें वर्षानुवर्षें त्याच्या हातीं विश्वासाचें कोणतेंच काम देत नाहीं. प्रभूनें झांकलें नाहीं, आणि काढूनही टाकलें नाहीं.

पेत्राच्या नांवच्या पहिल्या पत्राच्या अखेरीस, देव तुम्हांला पूर्ववत् नीट करील, अशा अर्थाचें जें क्रियापद आहे, तेंच मार्कानें याकोब व योहान मचव्यांत बसून जाळीं नीट करीत होते तेथें वापरलें आहे. फाटलेलें जाळें कोळी फेंकून देत नाहीं. तो तें मांडीवर घेतो, छिद्र शोधतो, आणि तेथेंच दोरा घालतो. मग तें पुन्हां पाण्यांत जातें.

हाच पेत्र पुढें हन्ना व कयफा ह्यांच्यासमोर उभा राहून निर्भयपणें बोलला. प्रेषितांच्या कृत्यांचा ४ था अध्याय पाहावा. तथापि तो पुन्हां कधीं डळमळला नाहीं असें नाहीं. अंत्युखियांत लोकभयामुळें त्यानें परराष्ट्रीय बांधवांच्या पंक्तीला बसणें सोडलें, आणि पौलानें त्याला तोंडावर दोष दिला. जाळें पुन्हां फाटतें. पुन्हां नीट करावें लागतें.

त्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत मी घरीं गेलों. आईनें वाढलें, बाबा शेजारीं बसून जेवले. हात धुतल्यावर त्यांनीं विचारलें, "त्या दिवशीं पोरांना काय सांगितलेंस?" मीं जें सांगितलें होतें तें, जमिनीकडे पाहत, त्यांना सांगितलें. ते बराच वेळ गप्प बसले. मग फळीवरील शास्त्र काढून त्यांनीं माझ्या हातीं दिलें. सायंकाळीं प्रार्थनेला शेजारीं जमले, तेव्हां ते त्यांना म्हणाले, "आज माझा मुलगा वाचील." त्यांना स्वतःला अक्षरें येत नव्हतीं.