नाजूक कातडीचं धुणं

मुलीला लहानपणापासून एक्झिमा, सासऱ्यांची त्वचा वयाने कोरडी आणि घरात पाणी अर्धं नळाचं, अर्धं बोअरचं. एवढ्या भांडवलावर धुण्याबद्दल जे कळलं ते लिहिते आहे.

१. पावडर बदलण्याआधी खळबळणं सुधारा. खाज सुटली की पहिला संशय पावडरीवर जातो आणि प्रत्येक नातेवाईक नवा ब्रँड सुचवतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत त्वचारोगतज्ज्ञांनी सातशेहून जास्त रुग्णांची पॅच टेस्ट केली, तेव्हा धुण्याच्या डिटर्जंटची खरी अ‍ॅलर्जी शंभरात एकालाही धड निघाली नाही. अ‍ॅलर्जी नसली तरी जळजळ होतेच, आणि तिचं कारण बहुतेकदा कपड्यात राहून गेलेला साबण. निरोगी कातडीचा पीएच पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल. पावडरीच्या पाण्याचा दहाच्या घरात. तो अंश शिवणीत, कॉलरीत, इलॅस्टिकच्या पट्टीत अडकतो आणि घाम आला की नेमकं तिथेच लाल होतं. परीक्षा सोपी आहे. धुऊन वाळलेला रुमाल साध्या पाण्याच्या बाटलीत कोंबायचा आणि बाटली जोरात हलवायची. फेस धरला तर पावडर बदलून काही होणार नाही. मशीनवर जादा रिन्सचं बटण असतं, ते आमच्याकडे कायम चालू असतं. बादलीत धुणाऱ्यांनी दर खेपेला पाणी बदलावं; त्याच फेसाळ पाण्यात तीनदा बुचकळून काही निघत नाही. आणि पावडर टाकताना पाकिटावरच्या मापापेक्षा हात आखडता ठेवावा.

२. बोअरच्या पाण्यात फेस होत नाही म्हणून पावडर वाढवली जाते, हे घरोघरी चालतं. त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साध्या वडीचा साबण त्यांच्याशी मिळून पांढुरका साका धरतो, तो धाग्यात बसतो आणि टॉवेल पापडासारखा कडक होतो. असल्या टॉवेलने मुलीची कोपरं पुसली की चट्टे पुन्हा चाळवतात. नळाचं पाणी थोडंच असेल तर ते शेवटच्या खळबळण्यासाठी राखून ठेवा. पहिला मळ बोअरच्या पाण्यातही निघतो.

३. वास नको. जाहिरातीतला तो ‘ताजेपणा’ म्हणजे कपड्यावर मागे ठेवलेलं अत्तर, आणि सुगंधी द्रव्यं ही संपर्कातून होणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या कारणांपैकी एक. फॅब्रिक कंडिशनर तर धाग्यावर टिकून राहण्यासाठीच बनवलेला असतो. वर टॉवेल पाणी कमी टिपतो ते वेगळंच. धुण्यात टोपणभर जंतुनाशक ओतण्याची सवयही एक्झिमाच्या घरात सोडलेली बरी. कपडे कडक उन्हात वाळवले की माझं काम भागतं.

४. ‘नैसर्गिक’ म्हटलं की लोक निर्धास्त होतात. रिठा चांगला आहे, रेशमाला तर फारच. पण त्याचा फेस डोळ्यात गेला की कसा झोंबतो ते ज्याचं त्याला ठाऊक. सोललेल्या कातडीलाही तो झोंबू शकतो. आणि बिब्बा? त्याहून नैसर्गिक काय असणार! धोबी कपड्यांवर खुणा करायला त्याचाच रस वापरत, कारण तो डाग धुतल्याने जात नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर मानेशी, कमरेशी फोड उठू लागले. शोध घेतल्यावर कळलं की जिथे धोब्याची खूण कातडीला टेकत होती, तिथेच ते उठत होते.

५. नवा कपडा धुतल्याशिवाय घालू नये, मग तो दिवाळीचा का असेना. सुरकुती न पडणाऱ्या कापडावर फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया केलेली असू शकते, आणि गडद पॉलिस्टरच्या अस्तरातले काही रंग घामाने सुटून अंगाला लागतात.

६. प्रत्येक खाज धुण्याची नसते. घरात एकापाठोपाठ सगळे रात्री खाजवू लागले तर खरूज समजून डॉक्टरकडे जा, आणि सगळ्यांनी एकदमच औषध लावा. गोल, कडेने वाढत जाणारा चट्टा बहुतेकदा गजकर्णाचा असतो; ज्याला तो उठला त्याचा टॉवेल वेगळा ठेवावा. पावसाळ्यात अर्धवट वाळलेली आतली वस्त्रं चढवण्यापेक्षा इस्त्री फिरवून पूर्ण कोरडी करून घ्यावीत. दुकानातून सांगून आणलेलं स्टेरॉइडचं मलम मात्र यातल्या कशालाच लावू नका.

७. या सगळ्यात एका कातडीचा विचार सहसा कुणी करत नाही: जी धुते तिची. कपडे घालणाऱ्याच्या अंगाला पावडरीचा उरलासुरला अंश लागतो, तर धुणं-भांडी करणाऱ्या मावशींचे हात रोज चार घरांच्या पावडरीत भिजतात. बोटांच्या बेचक्यांत भेगा पडतात आणि त्यावर पुन्हा भांड्यांचा साबण. तुमच्याकडे मावशी येत असतील तर मोजून पावडर घेण्याचा चमचा, रबराऐवजी नायट्राइलचे हातमोजे, आत घालायला सुती मोज्यांचा जोड आणि जाताना हातांना चोळायला व्हॅसलिनची डबी, एवढं बाथरूमच्या फळीवर ठेवा. आणि ते वापरायला वेळ लागला, तर घाई करू नका.