दोन आठवडे झाले असतील तर

चि. ओंकार,


पूर्वपरीक्षेचा निकाल लागल्यापासून तू फोन उचलत नाहीस, उचललास तरी ‘बरा आहे’च्या पुढे जात नाहीस, असं तुझी आई सांगत होती. मेसचा डबा अर्धा परत जातो, पहाटे तीनला जाग येते, अभ्यासिकेत एकाच पानावर तास जातो, हे तुझ्या रूममेटकडून कळलं. त्याच्यावर रागावू नकोस.

निकालाचं दुःख होणारच. नुसतं तेवढंच असेल तर चार दिवस गावी ये, आईच्या हातचं खा. पण ‘एवढ्याशा गोष्टीसाठी कसला डॉक्टर’ असं म्हणून टाळू नकोस. कारण लहान की मोठं, यावर काही ठरत नाही. मन उदास राहणं किंवा कशातच गोडी न वाटणं, जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडणं, हे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, असं दोन आठवडे चाललं आणि रोजची कामं अडू लागली, की तपासून घ्यायचं. निकालाला किती दिवस झाले, तूच मोज.

माझ्या औषधांच्या दुकानात काही गिऱ्हाइकं काउंटरवर वाकून हळूच विचारतात, ‘झोपेची एखादी गोळी द्या ना.’ चिठ्ठीशिवाय मी देत नाही. कायदा आहेच, पण पहाटेची झोपमोड हे बऱ्याचदा नैराश्याचंच लक्षण असतं. गोळीने रात्र निघते, दुखणं तिथंच राहतं, वर सवय लागते ती वेगळीच. नैराश्यावरच्या गोळ्यांची तशी चटक लागत नाही. मात्र गुण यायला दोन-चार आठवडे लागतात आणि त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणत सोडणारे मी बरेच पाहतो.

गोळ्या लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. बोलण्यातून उपचार करतो तो मानसशास्त्रज्ञ. क्लिनिकल असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असते, ती बेधडक विचार. समुपदेशकाची पाटी हल्ली कुणीही लावतो, तेव्हा शिक्षण विचारल्याशिवाय बसू नकोस. पैशांची काळजी असेल तर ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढ. पहिल्या भेटीत बहुतेक बोलणंच होतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला सांगितलं तर कुरकुरू नकोस, त्यांच्या बिघाडानेही माणूस असाच मरगळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुझं बोलणं गोपनीय राहतं. जिवाला धोका असण्यासारखे मोजकेच अपवाद.

तुझ्या आईला विचारायचा धीर होत नाही, म्हणून मी विचारतो. जीव नकोसा वाटतो का? तसं मनात येत असेल तर दोन आठवडे वगैरे काही मोजायचं नाही. टेली-मानसचा नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. खोलीत एकटा राहू नकोस, मित्राला उठव, मला फोन लाव. रात्री दोनला लावलास तरी चालेल.

पुढची परीक्षा द्यायची की नाही, हे आत्ता ठरवू नकोस. सोमवारी दाखवून ये. सोबत हवी असेल तर रविवारी रात्रीच्या एसटीने निघतो, दुकान पोरगा सांभाळेल. ‘ये’ एवढंच कळव.

तुझा,
मामा